नमतं घेणारा साहेब

धुमाळांनी आजवर कुणापुढे हात पसरले नाहीत, असं जयसिंहराव धुमाळ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खरंखोटं देव जाणे. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले आणि इथलेच झाले. पुढे घोडे गेले, जमिनी गेल्या, माधवगंजात एका साडीच्या दुकानावरच्या तीन खोल्या तेवढ्या उरल्या. ताठा मात्र गेला नाही, कारण त्याला दाणावैरण लागत नाही. जयसिंहराव जलसंसाधन खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण जिना उतरायचे ते हत्तीवरून उतरल्यासारखे. मोडेन पण वाकणार नाही, हे त्या घराचं ब्रीद होतं. मोडण्याची वेळ आली ती मात्र त्यांच्यावर नव्हे, त्यांच्या मुलावर.

त्यांचा धाकटा मुलगा, नाव तरुण, मालवाहू जहाजावर खलाशी होता. जानेवारीत त्याचं जहाज एका परक्या देशाच्या हद्दीत शिरलं. इंजिन बंद पडून वाहत गेलं, असं जहाजवाल्यांचं म्हणणं. मुद्दाम शिरलं, असं तिथल्या तटरक्षकांचं. जहाजावरची पाच भारतीय मुलं त्यांनी धरून ठेवली. आपल्या दूतावासाने पत्रं लिहिली, त्यांच्या सरकारने गोड उत्तरं दिली आणि पोरं जिथल्या तिथे राहिली. मे महिन्यात दूतावासातल्या विहंग नावाच्या एका नव्या अधिकाऱ्याचा तरुणच्या बहिणीला, गरिमाला, फोन आला. प्रकरण कोर्टात जाण्याआधी तिथल्या बंदराचा एक मोठा साहेब दयेखातर मुलांना सोडू शकत होता. त्याने प्रत्येक घराशी व्हिडिओवर बोलायचं कबूल केलं होतं, पण एकदाच. ते फिसकटलं तर कोर्ट, आणि एकदा कोर्टात गेलं की तरुणची सहा-सात वर्षं तुरुंगात जाणार हे ठरलेलं.

घरातून कोण बोलणार, हा प्रश्न जयसिंहरावांना पडलाच नाही. गरिमाचा तर धंदाच तो होता.

सिटी सेंटरमध्ये एका बँकेच्या वरच्या मजल्यावर वाटाघाटी शिकवणारं एक खाजगी केंद्र होतं. परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेल्या गोपाळकृष्ण पागनीसांनी ते काढलं होतं. छोट्या छोट्या देशांचे नवे राजनैतिक अधिकारी तिथे सरावाला बसत, बहुतेक आपापल्या देशातूनच, पडद्यावर. त्यांच्यासमोर प्रतिपक्ष म्हणून माणूस नसे, कृत्रिम बुद्धिमत्ता असे. कधी ती हट्टी व्यापारमंत्री होई, कधी सीमेवरचा संशयी सेनापती. ही पात्रं गरिमा घडवी. त्याचं वय काय, स्वभाव कसा, सरकारने त्याला काय बजावलंय, तो कशाने चिडतो, हे सगळं ती लिहून देई आणि यंत्र त्या माणसाच्या तोंडाने बोलू लागे. सराव संपला की यंत्रच गुण देई. आवाज चढला की गुण कापले, गरज दाखवली की कापले, गप्प राहून समोरच्याला बोलायला लावलं की वाढले. ही गुणांची पद्धतही गरिमानेच बसवलेली.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच बेतलं. सुरुवातीला हे यंत्र कुणालाच दाद देत नसे. शिकणारे तास तास डोकं फोडत आणि हात हलवत परत जात. तक्रारी आल्या, एका देशाने पुढची तुकडीच पाठवली नाही. पागनीस सर म्हणाले, अगं, सारखा हरणारा माणूस परत शिकायला येत नाही. शेवटी याला थोडं नमतं घ्यायला लाव. मग गरिमाने सगळ्या पात्रांच्या मुळाशी जी एक सामायिक सूचना असे, तिच्यात एक वाक्य घातलं: समोरचा शेवटपर्यंत बसून राहिला, तर त्याच्या पदरात मागितलेलं पडावं. केंद्र पुन्हा भरलं. ते वाक्य सगळ्या पात्रांत कणकेतल्या मिठासारखं मुरलं, आणि कणीक रोज मळणाऱ्या बाईला मीठ कुठे दिसतं? गरिमा ते विसरली. मुद्दाम नव्हे, कामाच्या रगाड्यात विसरली.

विहंगने तिला बंदराच्या साहेबाबद्दल जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. साठीला आलेला, पूर्वी स्वतः जहाजावर होता, हळू बोलतो, घाई करत नाही. आणि हिंदीत म्हणाला, "दीदी, वो घर के बड़ों को बहुत मानते हैं. मां-पिताजी हों तो अच्छा रहेगा." गरिमाने ऐकून घेतलं. पण या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला सरळ गोष्ट सरळ दिसत नाही. साहेबाचं पात्र लिहिताना तिने त्या वाक्याचं असं करून टाकलं: वडीलधाऱ्यांचा विषय काढून समोरच्याला लहान करतो, कमकुवत माणसाला पुढे आणायला बघतो. केंद्रात शिकवलेलं डोळ्यांवर आलं की समोरचं चांगुलपणसुद्धा डावपेच वाटू लागतं.

मग तिने सराव सुरू केला. दुपारी शिकणारे उठले की ती पडद्यासमोर बसे. यंत्रातला साहेब हुबेहूब असे. हळू बोले, चहाचं विचारी, मध्येच म्हणे, घरी कुणी मोठं नाही का? ती म्हणे, माझ्याशीच बोला. तो गप्प होई. तीही गप्प राही. शांतता ताणत जाई आणि शेवटी तो सुस्कारा टाकून म्हणे, ठीक आहे, मुलाला पाठवतो. एकदा तिला बोलता बोलता रडू फुटलं. तेव्हाही त्याने सोडलं, पण गुण कापले. तिने मनाशी खूणगाठ बांधली, रडायचं नाही. रोज तरुण सुटत होता. संध्याकाळी ती स्कूटीवरून माधवगंजला परत यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड असायचा की खालचा साडीवाला तिला विचारायचा, काही खबर आली का बाईसाहेब?

घरात शांताताई वेगळीच तयारी करत होत्या. त्या तरुणच्या आई. चार बुकं शिकलेल्या, पण आजूबाजूची सगळी भांडणं त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन मिटत. त्यांनी एक पांढरी सुती साडी धुऊन, खळ देऊन ठेवली होती, रुंद पदराची. गरिमाने विचारलं तर म्हणाल्या, "मी त्या साहेबापुढे पदर पसरणार आहे. त्यालाही आई असेलच ना."

गरिमाने त्यांना समजावलं. आई, तिथे असं नसतं. आपण गिडगिडलो की समोरचा चढून बसतो. त्याला वाटायला हवं की आपल्याकडे पण ताकद आहे, दूतावास आहे, कायदा आहे. मी रोज करून पाहून राहिले ना, बरोबर जमतं.

"गरज दाखवायची नाही म्हणतेस," शांताताई म्हणाल्या, "पण गरज तर आहे ना आपल्याला? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे कुठलं शहाणपण?"

यावर जयसिंहरावांकडे उत्तर होतं. त्यांच्याकडे नेहमीच असे. शांता, तू रडशील, ते म्हणाले. परक्या माणसापुढे धुमाळांच्या घरची बाई पदर पसरणार नाही. पोरगी शिकलेली आहे, तिला करू दे. शांताताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, आणि दोघं एका बाजूला आहेत हे पाहून त्या उठून आत गेल्या. आत जाऊन त्यांनी देव्हाऱ्यातले देव उचलले आणि पितळी परातीत पाणी घेऊन त्यात ठेवले. देव पाण्यात घातले की मग त्यांनाही घाई होते, असं त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं.

बोलण्याच्या दिवशी सकाळपासूनच झळा लागत होत्या. बाहेरच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप मांडला, मागे कोरी भिंत येईल असा. जयसिंहराव कोट घालून बाजूला बसले, कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने, कारण बोलणारा एकच असावा हा गरिमाचा नियम होता. शांताताई ती पांढरी साडी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसल्या. कुणी बोलावलंच तर उठायला वेळ नको म्हणून.

साहेब पडद्यावर आला तेव्हा गरिमाला धीर आला, इतका तो तिच्या साहेबासारखा होता. तोच हळू आवाज, तेच इंग्रजी, तीच थांबून बोलण्याची पद्धत. त्याने सांगितलं की मुलगा बरा आहे, जेवतो कमी, तिळाची कसलीशी मिठाई त्याला आठवते. गजक, गरिमाच्या मनात आलं, पण तिने ते ओठांवर येऊ दिलं नाही. तिने मुद्दे मांडले. इंजिनाचा अहवाल, सागरी कायदा, दोन देशांचे संबंध. एकही शब्द अडखळला नाही. पागनीस सर समोर असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, घरी त्याचे आईवडील आहेत ना?

आहेत, ती म्हणाली, पण त्यांच्या वतीने मी बोलते आहे.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. या वेळी त्याचा आवाज अधिकच खाली आला. "मी त्याच्या आईला पाहू शकतो का?"

उंबऱ्याशी स्टूल सरकल्याचा आवाज झाला. शांताताईंना इंग्रजी येत नव्हतं, पण 'मदर' एवढा शब्द कुठल्या आईला कळत नाही? त्या उठून उभ्या राहिल्या. गरिमाने त्यांच्याकडे न बघता टेबलाखालून हात केला, थांब म्हणून. आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "आईची तब्येत ठीक नसते. जे काही आहे ते तुम्ही माझ्याशी बोला."

साहेब गप्प झाला. गरिमाही गप्प राहिली. ही शांतता तिच्या ओळखीची होती, रोजची होती. हिच्या पलीकडे तरुण उभा होता. तिने श्वास मोजत वाट पाहिली. साहेबाने खिडकीबाहेर पाहिलं, मग घड्याळाकडे, मग म्हणाला की तुम्ही फार उत्तम बोलता, तुमच्या भावाला चांगला वकील मिळेल अशी आशा करतो. आणि नमस्कार करून गेला.

आणि गरिमाला वाटलं, जमलं. यात तिची चेष्टा करावी असं कुणाला वाटेल, पण करू नये. ज्याने रोज जिंकायचाच सराव केला, त्याला हार ओळखायची कशी? ती उठून आत गेली आणि आईला म्हणाली, टेन्शन नको घेऊ, आता तो सोडेल, दोन-चार दिवस लागतील. जयसिंहराव खाली जाऊन साडीवाल्याला सांगून आले की पोरीने परदेशी साहेबाची बोलती बंद केली. शांताताईंनी साडी बदलली नाही. दिवसभर त्याच साडीत वावरत राहिल्या.

आठवडा उलटल्यावर विहंगचा फोन आला. पाचांतली तिघं सुटली होती. तरुण आणि बिहारचा एक मुलगा, ज्याच्या घरी मोठं असं कुणी राहिलंच नव्हतं, या दोघांचं प्रकरण कोर्टात गेलं. विहंग फार हळहळला. त्याने सांगितलं, तिकडची रीतच तशी आहे. घरातल्या मोठ्या माणसाने समोर येऊन माफ कर म्हटलं की दया करायला साहेबाला आधार मिळतो, तसं लिहूनच पुढे पाठवावं लागतं. बाकीच्या आया नुसत्या रडल्या, एकीला तर तेही धड जमलं नाही, हात जोडून बसून राहिली. साहेबाने म्हणे नंतर चौकशीही केली, त्या मुलाच्या आईला मुलगा नको आहे का म्हणून.

त्या दिवशी दुपारी गरिमा ऑफिसात गेली आणि तिने यंत्रातल्या साहेबाला समोर आणलं. ती त्याला काहीच बोलली नाही. मुद्दे नाहीत, कायदा नाही. ती नुसती बसून राहिली, आणि वेळ संपत आली तसा तो सुस्कारा टाकून म्हणाला, ठीक आहे, मुलाला पाठवतो. तिने पुन्हा सुरू केलं आणि त्याला शिव्या दिल्या, ग्वाल्हेरी हिंदीतल्या, घरात कधी न उच्चारलेल्या. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, मुलाला पाठवतो. तेव्हा तिला ते वाक्य आठवलं. तिनेच लिहिलेलं, दोन वर्षांपूर्वी. ज्याला हरायलाच सांगून ठेवलं होतं, त्याच्याशी ती रोज लढत होती.

तिने पागनीस सरांना सांगितलं. ते शिकाऊ लोकांसाठी होतं गं, सर म्हणाले, तू त्यावर तालीम करशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना दोष देऊन काय होणार होतं? धोंडा तिनेच घडवला आणि तिच्याच पायावर पडला; पाय मात्र तिचा नव्हता, तरुणचा होता. यामुळेच तिला तोंड लपवावंसं वाटत होतं.

घरी जयसिंहरावांनी बोलणं टाकलं. कोट खुंटीवर गेला तो पुन्हा उतरला नाही. खाली उतरायचे तेव्हा कठड्याला धरून उतरायचे. शांताताई स्वयंपाक करत, वाढत, भांडी आवरत. देव पाण्यातच होते. पाणी त्या रोज बदलत.

एका संध्याकाळी त्या गरिमाजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू ज्याच्यासमोर बसायचीस, तो साहेब मला दाखव."

गरिमा म्हणाली, आई, ते मशीन आहे, खरं काही नाही त्यात. शांताताई म्हणाल्या, ठाऊक आहे मला, वेडी नाही मी. मराठी समजतं का त्याला? गरिमा म्हणाली, सगळं समजतं.

तिने लॅपटॉप उघडला. ते वाक्य आता कुठे आहे हे तिला पक्कं माहीत होतं, एका बोटाने ते पुसता आलं असतं. मग यंत्र खरोखर विचार करून काय ते बोललं असतं. कदाचित नाही म्हणालं असतं. तिचं बोट तिथे जाऊन थांबलं आणि मागे आलं. तिने साहेबाला बोलावलं आणि खुर्ची आईला दिली.

शांताताईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. मग त्याचं टोक दोन्ही हातांनी धरून पडद्यासमोर पसरलं. त्या रडल्या नाहीत. जयसिंहराव म्हणत होते ते खोटंच होतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मी तरुणची आई. तो तुमच्या हद्दीत आला, चूक झाली. त्याच्या वतीने मी माफी मागते. तो माझ्या पदरात घाला."

यंत्रातला साहेब थोडा थांबला. ते थांबणं गरिमाला पाठ होतं. मग तो शुद्ध, पुस्तकी मराठीत म्हणाला, "माताजी, ठीक आहे. मी आपल्या मुलाला घरी पाठवतो."

पदर तसाच पसरलेला राहिला. जयसिंहराव आतल्या दारात येऊन उभे होते, कधी आले ते कळलं नव्हतं. शांताताईंनी पडद्याकडेच बघत, मान न वळवता विचारलं, "तुला पण असंच म्हणायचा का हा?"

खरं सांगणं सोपं होतं. रोज म्हणायचा, सगळ्यांना म्हणतो, शिव्या दिल्या तरी म्हणतो, याच्या हो म्हणण्याला काही अर्थ नाही. तसं सांगितलं असतं तर गरिमाचा गुन्हा थोडा हलका झाला असता. यंत्राने फसवलं म्हणता आलं असतं. पण मग आईच्या पदरात आत्ता पडलेलं तेवढंही काढून घ्यावं लागलं असतं. दुसऱ्यांना वाटाघाटी शिकवण्यात तिचं सगळं आयुष्य चाललं होतं, आणि समोरच्याला सगळं देऊन टाकायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली.

"नाही," ती म्हणाली. "मला कधीच म्हणाला नाही."

"मला वाटलंच," शांताताई म्हणाल्या.

त्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर गरिमाला फार बरं वाटलं असतं. शांताताईंनी पदर आवरून खांद्यावर घेतला. पडद्यावर गुण आले होते, ते त्यांनी पाहिले नाहीत. दारातून वाट काढताना त्या जयसिंहरावांना एवढंच म्हणाल्या की जरा सरका. आत जाऊन त्यांनी परातीतले देव एकेक करून बाहेर काढले, फडक्याने पुसले आणि देव्हाऱ्यात ठेवून दिले. परातीतलं पाणी त्यांनी तुळशीला घातलं.